हत्ती उचलणारा पक्षी

साहसाच्या खेळात डोंगर आला की त्यावर एक महाकाय पक्षी आलाच. १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात तो 'रॉक' नावाने आला. आज मोबाईलच्या पडद्यावर त्याचे अनेक भाऊबंद उडताना दिसतात. हा कल्पित पक्षी घडतो कसा, आणि आपल्या मातीतून तो घडवायचा झाल्यास कसा घडवावा, याचा थोडा विचार मी येथे करणार आहे.

रॉक म्हणजे अरबी कथांतला रुख. तो पिलांना हत्ती भरवतो. मार्को पोलोनेही हत्ती उचलणाऱ्या रुखाची ऐकीव हकीकत सांगितली आहे. महाभारताच्या आदिपर्वात गरुड एका पंजात हत्ती व दुसऱ्यात कासव धरून उडतो. विजयनगरच्या अच्युतरायाच्या (१५२९-१५४२) नाण्यांवरचा दोन तोंडांचा गंडभेरुंड चोचींत आणि पंजांत हत्तीच धरतो. देश निराळे, भाषा निराळ्या, पण माप एकच! पाहिलेल्यांत सर्वांत मोठा प्राणी हत्ती. तेव्हा न पाहिलेल्याची थोरवी सांगायला तोच कामी आला. कल्पना कितीही उंच उडो, तिचा तराजू घरचाच असतो.

आता निसर्गाचा तराजू पाहू. पक्ष्याची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली तर पंखांचे क्षेत्रफळ चौपट होते, वजन मात्र आठपट. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस वितीवर दुप्पट भार. म्हणूनच उडणारा पक्षी हवा तेवढा वाढू शकत नाही. मादागास्करचा हत्तीपक्षी सुमारे ३ मीटर उंच होता, पण त्याला उडता येत नव्हते. दक्षिण अमेरिकेतील अँडीजचा कोंडोर पंख पसरून ३ मीटर भरतो आणि त्याचे वजन १५ किलोपर्यंत जाते. सुमारे ६० लक्ष वर्षांपूर्वी अर्जेंटिनात 'अर्जेंटाव्हिस' नावाचा पक्षी होता. त्याचे पंख ६ ते ७ मीटर आणि वजन ७० किलोच्या घरात असावे असा अंदाज आहे. शंकर चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली गणित मांडून दाखवले की, नुसते पंख फडफडवून त्याला सपाट जमिनीवरून उठता आले नसते. त्याला हवा उतार, समोरचा वारा, आणि उन्हाने तापून वर चढणारी हवा. महाकाय पक्षी डोंगरातच का राहतो, याचे उत्तर येथे आहे. डोंगर हे त्याचे अर्धे पंख होत.

असा पक्षी आपल्याकडे होता काय? होता, त्याला आपण गिधाड म्हणतो. लांब चोचीचे गिधाड कड्याच्या कपारीत घरटे करते, वर्षाला एकच अंडे घालते आणि पंख न हलवता तासन् तास तापल्या हवेवर तरंगते. अजिंठ्याच्या डोंगराचे फाटे आमच्या वाशीम जिल्ह्यापर्यंत आले आहेत. येथील वडीलधारी मंडळी सांगतात की, पूर्वी गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की घटकाभरात आभाळातून गिधाडे उतरत. माझ्या पिढीने ती चित्रांतच पाहिली. १९९०च्या दशकापासून भारतातील लांब चोचीची गिधाडे शेकडा ९५हून अधिक घटली. कारण होते डायक्लोफेनॅक, म्हणजे गुराढोरांना दिले जाणारे वेदनाशामक औषध. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले, की त्याचे मूत्रपिंड निकामी होते. शंभरात एखाद्या मृत जनावरात ते असले तरी गिधाडांचा निर्वंश व्हायला पुरेसे ठरते. २००४ साली संशोधकांनी हे कारण प्रसिद्ध केले आणि २००६ साली सरकारने पशूंसाठी या औषधावर बंदी घातली. पण वर्षाला एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याची भरपाई लवकर होत नाही.

म्हणून आपल्यापैकी कोणी उद्या असा खेळ रचणार असेल, तर माझी सूचना अशी : हत्ती उचलणारा पक्षी पुष्कळांनी रचला आहे, तुम्ही जटायूकडे पाहा. वाल्मीकींनी त्याला गृध्रराज म्हटले. त्याने हत्ती उचलला नाही. साठ हजार वर्षांचे आपले वय सांगून तो तरुण, सशस्त्र रावणाच्या आडवा आला आणि पंख छाटले जाईतो लढला. तो पडला ती जागा म्हणून नाशिक जिल्ह्यातील टाकेद दाखवतात. त्याचा भाऊ संपाती, धाकट्यावर सूर्याची आच येऊ नये म्हणून पंख पसरून स्वतः भाजला. या दोघांचे मोठेपण ओझ्यावर मोजता येत नाही. तुमच्या पक्ष्याला उतार द्या, वारा द्या, एकच अंडे द्या. आणि खेळणाऱ्यावर त्याला मारण्याचे नव्हे, त्याचे घरटे राखण्याचे काम सोपवा.

जटायूला पाडायला रावणाची तलवार लागली. त्याच्या वंशजांना पाडायला गोठ्यातली एक सुई पुरली. खेळातला पक्षी मेला तर पुन्हा डाव मांडता येतो. कड्यावरच्या पक्ष्याला ती सोय नाही.