कंत्राटापलीकडची माणसे

कंपन्यांच्या नीतिमत्तेचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा लगेच दानधर्माकडे वळते. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करायला लावले. तेव्हापासून शाळेची रंगवलेली भिंत, तिच्यावर कंपनीचे नाव आणि फीत कापणारे अधिकारी हे दृश्य ओळखीचे झाले आहे. ही कामे वाईट नाहीत. पण ते दोन टक्के कुठे गेले, हा सोपा प्रश्न आहे. नफा कोणाच्या कष्टांतून आला, हा अवघड. आजच्या उद्योगांची घडणच अशी आहे की या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायला कोणी जागेवर सापडत नाही. ब्रँडचा मालक एक, माल बनवणारा दुसरा, मजूर पुरवणारा तिसरा. माल खालून वर जातो, पैसा वरून खाली झिरपतो आणि जबाबदारी मधल्या कुठल्यातरी कंत्राटात मुरून जाते.

हे पाहायला लांब जायची गरज नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाने उचल, म्हणजे मजुरीपोटीची रक्कम, आधीच दिलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि टनाच्या दराने ऊस तोडून ती उचल हंगामभरात फेडायची असते. कामाचा दिवस चुकला तर खाडा, आणि खाड्याचा दंड. पाळीच्या त्रासाने कोपीवर पडून राहणे म्हणूनच परवडत नाही. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. या बायका कामगार कोणाच्या? कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी आणि वाहतूकदाराशी. उचलीचा पैसा बहुतेक वेळा कारखान्याकडूनच आलेला असतो आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या उसाच्या बिलातून वळता होतो, तरीही. मार्च 2024 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘फुलर प्रोजेक्ट’ यांनी हीच साखळी कोका-कोला आणि पेप्सिकोपर्यंत नेऊन दाखवली, तेव्हा जगभर बातमी झाली. पण सगळे खापर परदेशी कंपन्यांवर फोडून आपल्याला मोकळे होता येणार नाही. प्रवरानगरपासून सुरू झालेली सहकारी साखर कारखानदारी शेतकऱ्यांच्या मालकीची आहे. मालक शेतकरी असला म्हणून तोडणाऱ्याचे नाव हजेरीपटावर आपोआप चढत नाही.

कंपन्यांचा नेहमीचा बचाव असतो, की एवढ्या लांबलचक साखळीत कोण कुठे काय करतो हे आम्हाला कसे दिसणार? हा बचाव फारसा टिकत नाही. शर्टाच्या टाक्यांपासून साखरेच्या दाण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीचे मोजमाप ठरवून देणारा, न पटलेला माल परत पाठवणारा ग्राहक मजुरीच्या बाबतीतच आंधळा कसा होतो? मग सामाजिक ऑडिटचा दाखला पुढे केला जातो. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला असा दाखला मिळाला होता, आणि काही आठवड्यांतच, सप्टेंबर 2012 मध्ये, तिथे लागलेल्या आगीत अडीचशेहून अधिक कामगार गेले. तपासला जाणाराच तपासणीची फी भरत असेल, तर दुसरे काय होणार?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. कडक अटी लादल्या तर खर्च वाढेल, खरेदीदार दुसरा देश गाठतील आणि ज्यांच्यासाठी हे करायचे त्यांचीच रोजी जाईल. बांगलादेशात याची कसोटी लागली. 23 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळच्या राणा प्लाझा इमारतीला तडे दिसले. खालच्या मजल्यावरची बँक बंद झाली, शिवणकामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावण्यात आले. इमारत कोसळून 1,100 हून अधिक माणसे मेली. त्यानंतर महिन्याभरात परदेशी ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात सुरक्षेचा करार झाला. त्याचे वेगळेपण असे, की तो कायद्याने बंधनकारक होता. कारखान्यांच्या तपासणीचे अहवाल जाहीर होत आणि शब्द न पाळणाऱ्या ब्रँडला हेगच्या लवादापुढे खेचता येई. उद्योग पळाला नाही. 2012-13 मध्ये सुमारे 21 अब्ज डॉलरची असलेली तयार कपड्यांची निर्यात पाच वर्षांत 30 अब्जांवर गेली. दुरुस्तीचा भार ब्रँडपेक्षा स्थानिक कारखानदारांवरच जास्त पडला, ही तक्रार खरी आहे. तिच्यावरून मात्र करार मोडीत काढण्याचे कारण निघत नाही. दरात वाढ द्या, एवढाच तिचा अर्थ.

उरतो अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचा युक्तिवाद. 1970 मधल्या गाजलेल्या लेखात त्यांनी मांडले की कंपनीने नियमांच्या चौकटीत राहून नफा कमवावा, समाजाचे भले सरकार पाहील. युक्तिवाद नेटका आहे. पण नियमांची चौकट उद्योगाबाहेर बसलेला कोणी तटस्थ माणूस आखतो, हे त्यात गृहीत धरलेले आहे. आपल्याकडे कारखान्याच्या अध्यक्षाची खुर्ची आणि विधानसभेतले बाक यांत अंतर किती, हे कोणत्याही ऊस उत्पादकाला ठाऊक आहे. ज्यांच्या हातात नियम, त्यांनी नियमाकडे बोट दाखवणे हा शहाजोगपणा झाला. फ्रान्सने राणा प्लाझानंतर, 2017 मध्ये, मोठ्या कंपन्यांवर आपल्या पुरवठादारांकडच्या मानवी हक्कांच्या धोक्यांचाही आराखडा करण्याची सक्ती केली. चौकट बदलता येते, ती अशी.

साखर कारखान्यापुरते बोलायचे तर मागणी साधी आहे. प्रत्येक टोळीतल्या प्रत्येक बाईची आणि पुरुषाची वेगवेगळी नोंद, मजुरी ज्याच्या-त्याच्या खात्यात, आणि खाड्याचा दंड बंद. यातले काहीही दिल्लीच्या किंवा कोका-कोलाच्या परवानगीवाचून अडलेले नाही. कारखान्याचे सभासद असलेल्या वाचकांनी पुढच्या वार्षिक सभेत उसाच्या दराबरोबर या नोंदींचीही मागणी करावी, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.