आजीची खीर आम्हाला जमली नाही

गेल्या बुद्ध पौर्णिमेची गोष्ट. माढ्यातल्या आमच्या घरावर सकाळीच पंचशील ध्वज लावला. पोरांना पांढरे कपडे घातले. विहारात जाऊन वंदना झाली. घरी आल्यावर पायातली चप्पल काढायच्या आत धाकट्यानं विचारलं, "आई, खीर झाली?"

खीर चुलीवर होती. पण तिचं काय झालं होतं ते सांगायची आम्हा दोघांनाही लाज वाटत होती.

गव्हाची खीर आमच्या घरी वर्षातून दोनदा व्हायची. एकदा १४ एप्रिलला आणि एकदा बुद्ध पौर्णिमेला. ती पोरांची आजी करायची. आमच्यातल्या एकाची ती आई, दुसरीची सासू. दोन वर्षांपूर्वी आजी गेली. पहिलं वर्ष दुःखातच गेलं, खिरीचं नाव कुणी काढलं नाही. यंदा मात्र पोरांनी आठ दिवस आधीपासून धोशा लावला. आम्हीही मोठ्या तोंडानं "करू की" म्हणून बसलो.

आमच्यातली एक घरी शिलाई मशीन चालवते. लग्नसराईचे दिवस, रात्री बारापर्यंत ब्लाऊज शिवणं चालू. दुसरा सकाळच्या एस.टी.नं कुर्डुवाडीला कामाला जातो, तो दिवे लागल्यावर परततो. आदल्या रात्री गहू भिजत घालायचे राहून गेले. सकाळी उठून डब्यातले गहू तसेच कुकरमध्ये टाकले. वेळ वाचावा म्हणून गूळही त्यातच टाकला. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी गहू टचटचीतच. खीर दाट दिसेना म्हणून वरून गरम दूध ओतलं, तर ते डोळ्यांदेखत फाटलं.

धाकट्यानं एक घास घेतला आणि म्हणाला, "आजीची खीर दातात बसत नव्हती." थोरली बारा वर्षांची. ती काहीच बोलली नाही. मान खाली घालून तिनं वाटीतली सगळी खीर संपवली. आई-बापाला वाईट वाटू नये म्हणून पोरगी कच्चे गहू चावून खाते, हे बघणं धाकट्याच्या बोलण्यापेक्षा जड गेलं.

दुपारी चौकातून जिलेबी आणली. पोरांनी ती खाल्ली. पण सणाला आपल्या पोरांच्या तोंडात आपण दुकानाचा घास घातला, ही टोचणी दिवसभर गेली नाही.

बोल कुणाला लागला?

त्या दिवशी घरी आलेल्या पाहुण्यांनी खीर बघितली आणि जो तो एकच बोलला. "आजकालच्या बायकांना कुठं येतंय?" कुणी म्हणालं, "मशीन सुटतंय का हातातलं?" सगळे बोल एकटीच्या वाट्याला आले. दुसरा बाजूला उभा राहून ऐकत होता. कुकरला गूळ त्यानंच टाकला होता, तरी त्याला कुणी एका शब्दानं विचारलं नाही, आणि त्यानंही तोंड उघडलं नाही. हे कबूल करूनच पुढचं लिहितो.

रात्री पोरं झोपल्यावर आम्ही अंगणात बसलो. एक म्हणाली, "आत्याबाई दर वेळी हाक मारायच्या, ये, बघून ठेव म्हणून. मी म्हणायचे, एवढी बाही लावून येते. बाही लावून होईस्तोवर खीर उतरलेली असायची." दुसरा म्हणाला, "तू निदान हाकेच्या अंतरावर होतीस. मी तर चाळीस वर्षं खीर खाल्ली आणि ती कशी होते हे एकदाही विचारलं नाही."

वाचक बंधू-भगिनींनो, ही बोच आमच्या एकट्याच्या घरातली नाही. कुणाच्या घरी पुरणपोळी फुटते, कुणाच्या घरी शेंगापोळीचं सारण बाहेर येतं, कुणाला सासूबाईंसारखे धपाटे थापता येत नाहीत. पदार्थ बिघडल्याचं दुःख तासाभराचं असतं. पण आपल्या म्हाताऱ्यांनी आपल्या हाती दिलेलं आपण सांडलं आणि पोरांपर्यंत पोचू दिलं नाही, हा सल मनात राहतो.

मावशींनी सांगितलेली गोष्ट

दुसऱ्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्या मावशी आल्या. आजीच्या त्या जन्माच्या मैत्रीण. आमची उतरलेली तोंडं बघून त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, "आगं, तुझ्या सासूची पयली खीर म्हशीनं बी खाल्ली न्हाई. दुसऱ्या वर्षी करपली. तिसऱ्या वर्षी पातळ झाली, ती आमी पेल्यानं प्यालो. आन तिच्या आईला तर खीर ठावीच नव्हती. कशी असंल? घरात गहू कुठं व्हता?"

आम्ही दोघं एकमेकांकडं बघतच राहिलो. पिढ्यान् पिढ्यांची परंपरा म्हणून जिच्यासाठी आम्ही झुरत होतो, ती खीर आमच्या घरात एकाच बाईनं सुरू केली होती. आणि तिला शिकवायला कुणीही नव्हतं.

मग मावशी सांगत गेल्या आणि आम्ही ऐकत गेलो.

माढा तालुका म्हणजे मूळचा ज्वारीचा मुलूख. काळी जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि थंडीतल्या दवावर येणारी शाळू ज्वारी. सगळीकडे गाजलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी इथून जवळच्या मोहोळच्या संशोधन केंद्रातलीच. गहू पिकायचा तो विहीर-बागायत असलेल्याच्या रानात. आपल्या माणसांच्या घरात धान्य यायचं ते बलुत्याचं, म्हणजे खळ्यावरची ज्वारी. तीही वर्षभर राबून, देणाऱ्याच्या मर्जीनं. या वतनाच्या जोखडातून माणसं सुटावीत म्हणून बाबासाहेबांनी किती वर्षं झगडा केला! १९४१ च्या फेब्रुवारीत आपल्या शेजारच्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद भरली, तिला ते स्वतः आले होते. पुढं १९५८ च्या कायद्यानं ही वतनं गेली.

वतन गेलं म्हणून लगेच घरात गहू आला नाही. आजीला गव्हाची खीर माहीत झाली ती गावजेवणात. आपली पंगत शेवटी आणि लांब बसायची. तिथवर येईपर्यंत पातेल्यात तळाची खीर उरलेली असायची, कधी उरायचीही नाही. पोरवयात तिनं ती बोटानं चाटून खाल्लेली. मग १९७२ चा दुष्काळ आला. आजी खडी फोडायला गेली. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर मिलो नावाची परदेशी तांबडी ज्वारी. तिची भाकरी घशाखाली उतरायची नाही, असं जुनी माणसं अजून सांगतात.

पुढं १९८० साली आपल्याच तालुक्यातल्या उजनीला भीमेवरचं धरण पुरं झालं. हळूहळू कालव्याचं पाणी पसरलं. रानात ऊस आला, गहू आला. गव्हाच्या काढणीला गेलेल्या बायकांना मजुरीत गहू मिळू लागला. असा पहिला पायलीभर गहू आजीनं घरी आणला, तेव्हा मावशी तिच्या बरोबर होत्या. "आता चपात्या करशील?" असं त्यांनी विचारलं. आजी म्हणाली, "न्हाई. भीमजयंतीला खीर करणार. माझी लेकरं कुणाच्या पंगतीच्या शेवटाला बसायची न्हाईत."

ती खीर म्हशीनंही खाल्ली नाही. पण आजीनं पुढच्या वर्षी पुन्हा केली.

मग आमचं चुकलं कुठं?

हे ऐकल्यावर आमच्या मनातली टोचणी गेली असं नाही. ती जागेवर आली एवढंच. गहू कच्चे राहिले, दूध फाटलं, ही चूक फार लहान. आजीच्याही हातून ती झाली. आमची खरी चूक ही की आजी होती तोवर तिच्या शेजारी आम्ही बसलो नाही. खीर खाल्ली, पण तिच्या मागची गोष्ट विचारली नाही. मावशी बोलल्या नसत्या तर ती पंगत, ती खडी आणि तो पायलीभर गहू आमच्या पोरांना कधीच कळला नसता.

आणखी एक. आजी खीर करायची तेव्हा ती एकटी नसायची. मावशी कांडायला असायच्या, आत्या पाखडायला, कुणीतरी चुलीला जाळ घालायला. चार-पाच बायकांचा तो दिवस असायचा. आज घरात दोनच माणसं, दोन्ही कामाला. चार बाया मिळून जे करायच्या, ते एकटीनं मशीन सांभाळून करावं आणि बिघडलं की तिनंच मान खाली घालावी, हा कुठला न्याय? २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माता-भगिनींना सांगितलं होतं की लग्न झालेल्या स्त्रीनं नवऱ्याची दासी होऊ नये, बरोबरीच्या नात्यानं, मैत्रीण म्हणून उभं राहावं. सभेत आपण याला टाळ्या वाजवतो. चुलीपाशी ते आठवायला हवं.

बुद्ध पौर्णिमेला आपण सुजाताची खीर आठवतो. कठोर उपासानं शरीर झिजलेल्या सिद्धार्थाला उरुवेलेत तिनं अन्न दिलं. बाबासाहेबांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही सुजाता येते. तिची खीर दूध-तांदळाची सांगतात. आपली गव्हाची, गुळाची. अक्कलकोटकडं, कर्नाटकाच्या शिवेवर अशाच खिरीला हुग्गी म्हणतात. प्रत्येकीनं आपल्या रानात जे पिकलं, आपल्या हाताला जे आलं, त्यातून खीर केली.

दुसऱ्यांदा केली ती अशी

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा खीर घातली. मावशी पाटावर बसून सांगत होत्या, हात आमचे आणि पोरांचे. तुमच्या उपयोगी पडेल म्हणून रीत देतो.

खपली गहू मिळाला तर उत्तम, नाहीतर घरातला चालतो. गव्हाला पाण्याचा हबका मारून थोडा वेळ ठेवायचा आणि मग उखळात हलक्या हातानं कांडायचा. याला आपल्याकडं गहू सडणं म्हणतात. दाणा फुटू द्यायचा नाही, वरचा कोंडा तेवढा निघाला पाहिजे. सुपानं पाखडून घ्यायचा. उखळ नसेल तर जाड फडक्यात बांधून लाटण्यानं ठेचला तरी बराच कोंडा सुटतो. मग रात्रभर भिजत ठेवायचा. सकाळी चौपट पाणी घालून मऊ शिजवायचा. दाणा दोन बोटांत दाबला की लोण्यासारखा चेपला पाहिजे. तो तसा होईपर्यंत गुळाला हात लावायचा नाही. गूळ आधी पडला की दाणा आखडतो, मग कितीही जाळ घाला, तो नीट मऊ होत नाही. आमचं पहिल्यांदा इथंच चुकलं होतं. शिजलेला गहू पळीनं घोटायचा आणि मग वाटीला वाटी किंवा थोडा कमी गूळ, किसलेलं सुकं खोबरं, भाजलेली खसखस, सुंठ, वेलदोडा घालायचा. बुडाला लागू नये म्हणून सारखं ढवळत राहायचं. दूध पातेल्यात ओतायचं नाही. उकळत्या गुळात ते फाटतं. खीर कोमट झाल्यावर ज्यानं त्यानं आपल्या वाटीत घ्यायचं.

गहू भिजत घातले ते कुर्डुवाडीहून आलेल्यानं. कांडले धाकट्यानं. निम्मे दाणे त्यानं अंगणात उडवले, ते चिमण्यांनी खाल्ले. ढवळायला आम्ही पाळीपाळीनं उभे राहिलो. थोरलीनं सगळी रीत शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतली. खाली तिनं मावशींनी सांगितलेली पंगतीची गोष्टही लिहिली. ते आम्ही तिला सांगितलं नव्हतं.

आजीसारखी झाली का? नाही. थोडी पातळ झाली आणि खोबरं जास्त पडलं. धाकट्यानं दोन वाट्या खाल्ल्या. एक डबा मावशींकडं गेला. त्या म्हणाल्या, "म्हशीला घालायसारखी न्हाई."

आपल्या घरातलं असं कितीतरी लिहून ठेवायचं राहिलं आहे. छापील पाककृतींच्या पुस्तकांत आपली चूल क्वचितच दिसली. शेजारच्या मराठवाड्यातले शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहून महार-मांग समाजाचं खाणंपिणं त्याच्या इतिहासासह नोंदवलं. २०२४ साली ते इंग्रजीतही गेलं. प्रत्येकाला पुस्तक लिहिता येणार नाही. पण शाळेच्या वहीचं मागचं पान प्रत्येक घरात असतं.

तुमच्या घरात आजी असेल, शेजारी एखादी मावशी असेल, तर येत्या रविवारी मशीन थोडं बंद ठेवा, मोबाईल बाजूला ठेवा आणि तिच्याजवळ बसा. लेकीबरोबर लेकालाही बसवा. पदार्थ पहिल्यांदा बिघडेल. बिघडू द्या. ती पहिल्यांदा करायला बसली तेव्हा तिचाही बिघडला होता का, एवढं तिला विचारा. पुढचं ती आपणहून सांगेल.