विश्लेषण : संशयित पळाला, तर पोलिसाने कुठवर धावायचे? महाबळेश्वरच्या कड्यांवर थांबण्याचा निर्णयही महत्त्वाचा का?

सुटीच्या दिवसातील गर्दीची संध्याकाळ. महाबळेश्वरच्या बाजारपेठेत पर्यटकाचा मोबाइल हिसकावून एक जण पळतो आणि बंदोबस्तावरील शिपाई त्याच्या मागे धावतो, असे समजा. दुकानांची रांग संपते, दिवे संपतात, झाडी सुरू होते. पुढे पायवाट आहे की कडा, हे अंधारात दिसत नाही. आणखी धावायचे की थांबायचे, हे त्या शिपायाला दोन-तीन सेकंदांत ठरवावे लागते. पळणाऱ्याला गाठणे म्हणजे शौर्य आणि थांबणे म्हणजे कच खाणे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात कायदा, शरीर आणि भूगोल या तिन्ही बाजूंनी पाहिले, तर गणित वेगळे दिसते.

पायी पाठलाग धोकादायक का असतो?

पळणाऱ्याला आपण कुठे वळणार, हे माहीत असते. मागच्याला ते नंतर कळते. ताशी १८ किलोमीटर वेगाने धावणारा माणूस सेकंदाला ५ मीटर अंतर कापतो. अनपेक्षित गोष्ट दिसल्यावर ती समजून हालचाल करायला साधारण एक सेकंद लागू शकतो. म्हणजे चार मीटर पुढे असलेला संशयित अचानक थांबून वळला, तर पोलीस प्रतिक्रिया देण्याआधीच त्याच्या अंगावर पोहोचलेला असतो. त्या क्षणी समोरच्याच्या हातात कोयता किंवा चाकू असेल, तर सावरायला वेळच मिळत नाही.

अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये याच मुद्द्याकडे लक्ष वेधले होते. चाकूधारी हल्लेखोर २१ फूट, म्हणजे सुमारे ६.४ मीटर अंतर अवघ्या दीड सेकंदात कापतो, असे त्यांनी दाखवले. तेवढ्याच वेळात पोलिसाला कमरेचे पिस्तूल काढून नेम धरावा लागतो. महाराष्ट्रात बंदोबस्तावरील शिपायाच्या हातात अनेकदा फक्त लाठी असते.

त्यात दम लागलेला असतो. हृदयाचे ठोके वाढले की नजर एकाच जागी खिळते, आजूबाजूचे आवाज ऐकू येत नाहीत, बोटांची नाजूक हालचाल बिघडते. वायरलेसवर आपले ठिकाण स्पष्ट सांगणेही अवघड होते. त्यामुळे मदतीला निघालेल्या सहकाऱ्यांना नेमके कुठे जायचे, हेच कळत नाही.

महाबळेश्वरमध्ये हा धोका कसा वाढतो?

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे. या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत साधारण १५ टक्के कमी असतो. कायम इथे राहणाऱ्याला त्याची सवय असते. मात्र सुटीच्या हंगामात बंदोबस्तासाठी खालून आलेल्या पोलिसाला दम लवकर लागू शकतो.

त्याहून मोठा प्रश्न जमिनीचा आहे. जांभ्या दगडाचे सपाट पठार, त्यावर दाट झाडी आणि पठाराच्या कडेला सरळ तुटलेले कडे, अशी इथली रचना. आर्थर सीट, केट्स पॉइंट, लॉडविक पॉइंट ही ठिकाणे पर्यटकांना आवडतात ती याच कड्यांमुळे. जून ते सप्टेंबर या काळात मुसळधार पाऊस, शेवाळलेला दगड आणि काही पावलांपुढचे न दिसू देणारे धुके, हे सगळे एकत्र येते.

इथल्या दऱ्या किती अवघड आहेत, हे २८ जुलै २०१८ रोजी साऱ्या राज्याने पाहिले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात कोसळून ३० जणांचा मृत्यू झाला. तेव्हा दरीत उतरण्यासाठी स्थानिक ट्रेकर्सची मदत घ्यावी लागली होती.

राज्याच्या पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवारांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर आणि दोघांनाही १०० मीटर धावावे लागते. ही चाचणी मैदानावर होते. त्यातून वेग आणि दम कळतो. ओल्या उतारावर, रात्री, कड्याजवळ केव्हा थांबायचे, हे त्यातून कळत नाही. ते प्रशिक्षणातच शिकवावे लागते.

कायदा काय सांगतो?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील (बीएनएसएस) तीन तरतुदी इथे महत्त्वाच्या आहेत.

• कलम ४३ : अटकेला जबरदस्तीने विरोध झाला किंवा अटक टाळण्याचा प्रयत्न झाला, तर पोलीस आवश्यक त्या सर्व उपायांचा वापर करू शकतात. मात्र ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेस पात्र गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा मृत्यू घडवून आणण्याचा अधिकार या कलमाने मिळत नाही.

• कलम ४५ : ज्याला वॉरंटशिवाय अटक करता येते, त्याचा पाठलाग पोलीस आपल्या हद्दीबाहेर, भारतात कुठेही करू शकतात. संशयित आंबेनळी घाट उतरून रायगड जिल्ह्यात पोलादपूरकडे गेला, तरी सातारा पोलिसांचे हात बांधलेले नसतात.

• कलम ३५ : सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटक खरोखर गरजेची का आहे, याची कारणे पोलिसांना नोंदवावी लागतात. गरज नसेल, तर हजर राहण्याची नोटीस द्यायची असते.

भारतीय न्याय संहितेत वस्तू हिसकावून पळणे हा कलम ३०४ नुसार स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे जो गुन्हा कायद्याच्या नोटिशीच्या चौकटीत बसू शकतो, त्यासाठी अंधारात कड्यापर्यंत धावून जीव धोक्यात घालायचा का, असा हा सरळ प्रश्न आहे.

मग तुकाराम ओंबळे यांचे काय?

महाबळेश्वरला लागून असलेल्या जावळी तालुक्यातील केडंबे हे तुकाराम ओंबळे यांचे गाव. लष्करातून निवृत्त होऊन ते मुंबई पोलिसांत दाखल झाले होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या रात्री सहायक फौजदार ओंबळे गिरगाव चौपाटीवरील नाकाबंदीत होते. अजमल कसाबच्या एके-४७ ची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली. गोळ्या लागूनही पकड सोडली नाही आणि सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडले. ओंबळे यांना मरणोत्तर अशोक चक्र देण्यात आले.

त्या रात्री थांबण्याचा पर्याय नव्हता. कसाब निसटला असता, तर आणखी माणसे मेली असती. 'तो आत्ता सुटला, तर पुढच्या तासाभरात कोणाच्या जिवाला धोका आहे का?' हाच पाठलागाच्या निर्णयातील पहिला प्रश्न. उत्तर 'हो' असेल, तर पोलीस जीव धोक्यात घालतो आणि कायदाही त्याच्या बाजूने उभा राहतो. उत्तर 'नाही' असेल, तर तोच धोका पत्करण्याचे कारण उरत नाही. ओंबळे यांच्या बलिदानाचा दाखला देऊन प्रत्येक मोबाइलचोरामागे तसाच जीव टाकण्याची अपेक्षा ठेवणे, हा त्या बलिदानाचा चुकीचा अर्थ ठरेल.

तसेच त्या रात्री मोटार अडली ती नाकाबंदीमुळे, हेही विसरता येत नाही.

न धावता पकडता येते का?

येते. तिहार तुरुंगातून १६ मार्च १९८६ रोजी पळालेला चार्ल्स सोभराज तीन आठवड्यांत गोव्यात पकडला गेला. मुंबई पोलिसांचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांच्या पथकाने तो येईल या अंदाजाने पर्वरीतील 'ओ कोकेरो' हॉटेलात बसून वाट पाहिली. ६ एप्रिलला तो आला आणि झेंडे यांनी त्याला जागेवरच धरले. पळायला वाट मिळालीच नाही, त्यामुळे पाठलागही झाला नाही.

महाबळेश्वरचा भूगोल इथे पोलिसांच्या बाजूने असतो. वाहनाने बाहेर पडायच्या मुख्य वाटा मोजक्याच आहेत. पाचगणीमार्गे पसरणी घाटातून वाई, केळघर घाटातून मेढा-सातारा, आंबेनळी घाटातून पोलादपूर आणि तापोळ्याचा रस्ता. संशयित झाडीत शिरला, तर त्याच्या मागे एकट्याने शिरण्यापेक्षा वर्णन वायरलेसवर देऊन या वाटांवर नाकाबंदी लावणे, सीसीटीव्ही आणि हॉटेल-लॉजच्या नोंदी तपासणे, हा मार्ग अधिक खात्रीचा ठरतो. झाडीतला माणूस कधी तरी रस्त्यावर येतोच.

इतर देशांनी काय नियम केले?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये 'टेनेसी विरुद्ध गार्नर' खटल्यात निकाल दिला की, पळणारा संशयित इतरांच्या जिवाला गंभीर धोका नसेल, तर केवळ तो निसटू नये म्हणून त्याच्यावर प्राणघातक बळ वापरता येणार नाही. त्या प्रकरणात कुंपणावर चढणारा १५ वर्षांचा मुलगा पोलिसांच्या गोळीने मरण पावला होता.

शिकागोत मार्च २०२१ मध्ये पायी पाठलागानंतर झालेल्या गोळीबाराच्या दोन घटनांत १३ वर्षांचा मुलगा आणि २२ वर्षांचा तरुण ठार झाले. त्यानंतर शहर पोलिसांनी २०२२ मध्ये पायी पाठलागाचे कायमस्वरूपी धोरण जाहीर केले. किरकोळ वाहतूक गुन्ह्यासाठी किंवा कोणी नुसताच पळाला म्हणून पाठलाग करायचा नाही, आपण नेमके कुठे आहोत हे कळेनासे झाले तर थांबायचे, असे त्यात म्हटले आहे.

'पळून गेला' ही नोंद तपासण्याजोगी का हवी?

सांगलीत २०१७ मध्ये शहर पोलिसांच्या कोठडीतील तरुण पळून गेल्याचे सुरुवातीला सांगण्यात आले. प्रत्यक्षात कोठडीत मारहाणीत त्याचा मृत्यू झाला आणि मृतदेह आंबोलीत नेऊन जाळण्यात आला, असा आरोप ठेवून पोलिसांनाच अटक झाली. त्यामुळे पाठलाग कधी सुरू झाला, कोणी थांबवला आणि का, याची वायरलेसवर वेळेसह नोंद असणे दोघांच्याही हिताचे आहे. प्रामाणिकपणे थांबलेल्या पोलिसावर संशय येत नाही आणि खोट्या कहाणीला जागा उरत नाही.

धावावेच लागले, तर कोणती काळजी हवी?

• धावण्याआधी किंवा धावताना लगेच ठिकाण, दिशा आणि संशयिताचे वर्णन कळवावे.

• शक्यतो दोघांनी जावे. एकाने संशयितावर नजर ठेवावी, दुसऱ्याने वायरलेस सांभाळावा.

• संशयिताच्या हातांकडे पाहावे. अंतर राखून मागावर राहावे, वळणावर भिंतीला चिकटून न वळता लांबून वळावे.

• हातात पिस्तूल घेऊन धावू नये. पाय घसरला, तर गोळी सुटू शकते.

• संशयित दिसेनासा झाला, संपर्क तुटला किंवा पुढची जमीन दिसत नसेल, तर थांबून परिसर वेढावा.

• गाठल्यानंतरचा क्षण सर्वाधिक धोक्याचा. शक्य असेल तर दुसरा पोलीस येईपर्यंत झटापट टाळावी.

हे नियम कागदावर आले तरी पुरेसे नाही. थांबलेल्या शिपायाला दुसऱ्या दिवशी 'सोडलाच कसा?' असे विचारले गेले, तर तो पुढच्या वेळी थांबणार नाही. म्हणून थांबण्याच्या निर्णयाची जबाबदारी वरिष्ठांनीही घ्यायला हवी.

पर्यटकांनी आणि स्थानिकांनी काय करावे?

स्वतः मागे धावू नये. ११२ क्रमांकावर फोन करून जागा, कपड्यांचा रंग, वाहनाचा क्रमांक आणि पळण्याची दिशा सांगावी. व्हिडीओ काढण्यासाठी पाठलागाच्या वाटेत थांबू नये. गर्दीने रस्ता मोकळा ठेवला, तरी पोलिसाचा अर्धा धोका कमी होतो.