भिंतीवरचे वर्तमानपत्र

श्रोतेहो, मुलगा शाळेत निबंध लिहितो, तो कुणासाठी? आपण म्हणाल, शिकण्यासाठी. पण मुलालाच विचारून पाहा. तो सांगेल, "गुरुजींना दाखवायसाठी!" गुरुजी तांबड्या शाईने खुणा करतात, दहापैकी पाच गुण देतात आणि वर्षअखेर वही रद्दीत जाते. त्या निबंधाला वाचक एकच, आणि तोही परीक्षक. आपले म्हणणे ऐकायला कुणी बसलेले नाही, हे ज्याला ठाऊक आहे, तो मन लावून बोलेल कसा? 'माझा आवडता ऋतू' चाळीस वह्यांत एकसारखा उतरतो, तो यामुळेच.

यावर एक जुना आणि जवळजवळ बिनखर्चाचा उपाय आहे. तो म्हणजे शाळेचे हस्तलिखित वर्तमानपत्र.

साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. वसतिगृहातील मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे दैनिक काढीत. दैनिक कसले, तर हाताने लिहिलेली पाने! ना छापखाना, ना वर्गणी. पण रोज आपल्यासाठी कुणीतरी लिहिते, ही गोष्ट मुलांच्या मनाला जाऊन भिडते. पुढे १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केले.

त्याच काळात फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचा एक खेड्यातला शिक्षक होता. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झाल्यामुळे त्याला फार वेळ बोलवत नसे. मुलांना तो गावात, शेतात फिरवून आणी आणि पाहिलेले लिहावयास सांगे. १९२४ च्या सुमारास त्याने एक लहानसे छपाईयंत्र वर्गात आणले. मुलांचे लेख मुलेच छापू लागली आणि दूरच्या शाळेतील मुलांना धाडू लागली. तिकडून उत्तरे येत. उत्तर येणार म्हटल्यावर कोणता मुलगा गचाळ लिहील?

आता आपण विचाराल, "पण खेड्यातली पोट्टी लिहिणार काय?" त्याचे उत्तर आपल्या शेजारीच आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हाताच्या कामातून शिक्षण, हा विचार तिथे पुढे आला. तोच धागा धरा. मुलाने जे केले, जे पाहिले, तेच त्याने लिहावे. तान्ह्या पोळ्याला आपल्याकडे मुले लाकडी बैल सजवून नेतात. हा बैल कुठल्या लाकडाचा? कुणी घडवला? आजोबांच्या वेळचा आहे का? संत्र्याच्या बागेत आंबिया बहार कधी फुटला? विहिरीचे पाणी किती हात खाली गेले? चार मुलांनी दोरी सोडून मोजावे, तारीख घालावी, दर महिन्याला नोंद करावी. वर्षाअखेर ही नोंद गावालाही उपयोगी पडेल. विहिरीपाशी मात्र मोठे माणूस हजर हवे, बरं का!

पद्धत सोपी आहे. वर्गातील चार मुलांचे संपादक मंडळ करा आणि दर महिन्याला ते बदला. जुन्या दिनदर्शिकेच्या कोऱ्या पाठी कागद म्हणून चालतात. दर शनिवारी नवे पान लागावे. प्रत्येक मजकुराखाली लिहिणाऱ्याचे नाव आणि तारीख असावी. ऐकीव गोष्ट असेल, तर ती कुणाकडून कळली तेही लिहावे. खाली एक कोरी पट्टी सोडा. वाचणाऱ्याने तिथे प्रश्न विचारावा आणि लेखकाने पुढच्या शनिवारी उत्तर द्यावे. खरे शिक्षण त्या कोऱ्या पट्टीत घडते. "बैल कडुलिंबाचा कशावरून?" असे कुणी विचारले, की मुलगा धावत सुताराकडे जातो.

शुद्धलेखनाचे काय? मजकूर भिंतीवर जाण्यापूर्वी मुलाला शेजारी बसवून चुका दाखवा आणि पान त्याच्याच हातून पुन्हा लिहून घ्या. भिंतीवर तांबडी शाई नको. चारचौघांत लाजलेला मुलगा पुन्हा लेखणी उचलत नाही. तसेच, त्याने 'कास्तकार' लिहिले तर ते खोडून 'शेतकरी' करू नका. आजीचे बोलणे आजीच्या बोलीत असू द्या, बाकीचे पुस्तकी भाषेत. दोन्हींतला फरक मुलगा आपोआप शिकेल.

आणखी एक गोष्ट जपून सांगतो. मन मोकळे झाले, की मूल घरातलेही लिहिते. "बाबा रात्री झोपत नाहीत, सावकार आला होता," असा कागद एखाद्या दिवशी आपल्या हाती येईल. तो भिंतीवर लावावयाचा नाही. पण वहीत दडपून ठेवावयाचाही नाही. त्या मुलाजवळ बसा आणि संध्याकाळी त्याच्या घरी चक्कर टाका. असा कागद लिहावा इतका विश्वास मुलाला वाटला, ही शिक्षकाची मोठीच कमाई होय.

पालकांनो, आपणही शनिवारी शाळेच्या भिंतीपाशी दोन मिनिटे थांबा. वाचता येत नसेल, तर "बाबू, काय लिवलं, वाचून दाखव बरं," एवढे म्हणा. आज मोबाइलवर त्या पानाचे छायाचित्र काढून परगावच्या शाळेला पाठवणेही सोपे झाले आहे. मात्र मुलांची नावे झाकून आणि घरच्यांना विचारूनच ते पाठवावे.

लिहिणाऱ्याला वाचक मिळाला, की अक्षर सुधारते आणि विचारही सुधारतो. गुरुजी, बाई, त्यासाठी निधीची वाट पाहू नका. एक भिंत, एक कागद आणि येता शनिवार, एवढे पुरे आहे.