सरकारही भाडेकरूच

मारुंजीच्या माणसाला सरकारी काम निघालं की आधी विचारावं लागतं, ऑफिस सध्या कुठे आहे? तहसीलदार पौडला, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मुळशी तालुक्याचं ठाणं जागचं हललेलं नाही. बाकीच्या कचेऱ्यांचे पत्ते मात्र गेल्या दहा-बारा वर्षांत असे फिरले की जुन्या पावतीवरचा पत्ता बघून निघालेला माणूस हमखास चुकतो.

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचंच घ्या. 2015 च्या 31 मार्चला त्याची स्थापना झाली आणि मारुंजी, माण, नेरे, जांबे या गावांच्या बांधकाम परवानग्या त्याच्या हाती गेल्या. गावात एकामागून एक टोलेजंग इमारती उभ्या राहत होत्या. त्यांना परवानगी देणाऱ्या संस्थेला मात्र स्वतःचं घर नव्हतं. औंधच्या महाराजा सयाजीराव गायकवाड उद्योग भवनात तिचा संसार थाटला गेला. नव्या संस्थेने आधी दुसऱ्याच्या छपराखाली बसावं, यात गैर काही नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत माणसं किती लागतील, विभाग किती होतील, याचा अंदाजच नसतो.

पुढचा भाग मजेचा आहे. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण ही 1972 ची संस्था. तिने आकुर्डी रेल्वे स्थानकाजवळ आपली प्रशासकीय इमारत बांधली. 2021 मध्ये ही संस्थाच विसर्जित करून महानगर प्रदेश प्राधिकरणात विलीन केली गेली. जिने घर बांधलं ती राहिली नाही. जिला घर नव्हतं तिला ते मिळालं. निगडीच्या वस्तीला लोक आजही ‘प्राधिकरण’च म्हणतात, आणि औंधला जाणारे मारुंजीकर आता आकुर्डीचा रस्ता धरतात. स्वतःच्या इमारतीच्या बाजूने याहून चांगला दाखला मला तरी सापडलेला नाही. खाती येतात, जातात, एकमेकांत मिसळतात. सरकारच्या मालकीची वास्तू मात्र पुढच्याच्या कामी येते. भाड्यापोटी दिलेल्या पैशाचं असं काही मागे उरत नाही.

पोलिसांची गोष्ट याच्या उलटी. 15 ऑगस्ट 2018 ला पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालं. हिंजवडी ठाणं पुणे शहराकडून इकडे आलं, चाकण, आळंदी, तळेगाव ग्रामीणकडून आली. आयुक्तालय घोषित झालं तेव्हा आयुक्तांना बसायला जागा नव्हती. सुरुवातीचा कारभार ऑटो क्लस्टर या उद्योग-केंद्रातून चालला, मग चिंचवडच्या प्रेमलोक पार्कमध्ये महापालिकेच्या शाळेची इमारत मिळाली. वर्गखोल्यांची दालनं झाली. मुलांच्या मापाने बांधलेल्या इमारतीत गुन्हे शाखा, नियंत्रण कक्ष आणि तक्रार घेऊन आलेली माणसं, सगळं बसवायचं! आणि यात भाडं ठरलं तरी ते या खिशातलं त्या खिशात. खरी किंमत शाळेच्या जागेची आहे, ती कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

पिंपरीच्या न्यायालयाचीही तीच गत. 1989 पासून ते मोरवाडीच्या अपुऱ्या जागेत दाटीवाटीने चाललं, मग नेहरूनगरला महापालिकेच्या इमारतीत गेलं, आणि हक्काच्या संकुलासाठी जागा मोशीत. पक्षकाराच्या हयातीत खटल्याच्या तारखा बदलतात तसे इथे पत्तेही बदलले.

सरकार मुद्दाम भाड्याने राहतं, असं नाही. बांधायचं म्हटलं की जागेचा ताबा, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, आणि काम रेंगाळलं की सुधारित मान्यता. एवढ्यात आयुक्त तीन बदलतात. भाड्याच्या जागेला सरकारी जागा उपलब्ध नसल्याचा दाखला आणि सार्वजनिक बांधकाम विभागाने ठरवून दिलेलं भाडं, एवढ्यावर कुलूप उघडतं. साहेबाला आपल्या कारकिर्दीत खुर्ची हवी असते, वीस वर्षांनंतरचा हिशेब त्याच्या टेबलावर येत नाही. शेजारी हिंजवडीच्या आयटी कंपन्याही भाड्यानेच बसतात, हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. पण कंपनीला उद्या बंगळूर गाठता येतं. तलाठी कार्यालयाला मारुंजी सोडून कुठे जायचंय?

राज्याच्या पातळीवर हा हिशेब उशिरा का होईना मांडला गेला. 21 जून 2012 च्या आगीनंतर मंत्रालयातल्या खात्यांना मुंबईभर आसरा शोधावा लागला. नरिमन पॉइंटची एअर इंडियाची इमारत 1,601 कोटींना घेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने केला तो 2023 मध्ये. विखुरलेली खाती एका छताखाली यावीत, भाडं वाचावं, हे त्यामागचं कारण. मंत्रालयाच्या हाकेच्या अंतरावर नवी जमीन मिळणारच नव्हती, म्हणून आयती इमारत घ्यावी लागली. पिंपरी-चिंचवड महापालिकेनेही मुंबई-पुणे रस्त्यावरचं जुनं मुख्यालय अपुरं पडल्यावर चिंचवडला ऑटो क्लस्टरसमोर 18 मजली इमारत हाती घेतली. जिच्या हाती शहरातल्या जमिनीचा नकाशा होता, तिला ते जमलं.

मारुंजीच्या हाती तो नकाशा अजून आलेला नाही. महापालिकेत जायचं की नाही, याची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. महानगर प्रदेशाचा 2021 चा प्रारूप विकास आराखडाही रद्द झाला. म्हणजे आरक्षणं नव्याने पडायची आहेत. बाग, शाळा, दवाखाना यांच्यासाठी हरकती-सूचना लिहिणारे खूप भेटतील. त्या अर्जात एक ओळ आणखी घाला: तलाठी, दुय्यम निबंधक, पोलीस चौकी आणि महावितरण यांच्यासाठी मारुंजीत एका संयुक्त प्रशासकीय इमारतीचा भूखंड राखून ठेवा. इमारत केव्हा व्हायची तेव्हा होईल. जागा आत्ताच धरा, कारण लक्ष्मी चौकाच्या आसपासचे गुंठ्याचे भाव पुढे सरकारलाही परवडणार नाहीत.