चंदगडच्या पायऱ्यांची शेती

ग्वांगझूच्या व्यापारी प्रदर्शनाला जाणाऱ्या मंडळींना लोंगजीच्या भातशेतीचे नाव आता नवे राहिलेले नाही. मालाची बोलणी आटोपून दोन दिवस हाताशी उरले, तर ग्वीलिनमार्गे दक्षिण चीनमधील हे डोंगर पाहून येता येतात. लोंगजी म्हणजे ड्रॅगनचा कणा. झ्वांग आणि याओ समाजाच्या शेतकऱ्यांनी युआन राजवटीपासून पिढ्यान्‌पिढ्या डोंगर कोरून पायथ्यापासून माथ्यापर्यंत खाचरे रचली.

अशा पायऱ्या पाहण्यास प्रत्येक वेळी पारपत्र लागते असे मात्र नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, बेळगावपासून सुमारे तासाभराच्या वाटेवर चंदगड तालुका आहे. तेथे लोंगजीची उंची शोधणाऱ्याची निराशा होईल. चंदगडच्या पायऱ्या ठेंगण्या आणि रुंद, ओढ्याच्या वळणाने पसरलेल्या. उतारावर नाचणी व काजू, सखलात भात. पारगडाच्या वाटेवर सह्याद्रीचा कडा येतो आणि एकच पाऊस दोन दिशांना वाटला जातो. पूर्वेकडचे पाणी ताम्रपर्णीतून घटप्रभेला मिळून कृष्णेच्या खोऱ्यात जाते. पश्चिमेकडचे तिलारीतून गोव्याकडे.

खाचराचे सारे मर्म या पाण्याच्या वाटणीत आहे. वरचे खाचर भरले की बांधाला ठेवलेल्या वाटेने जादा पाणी खालच्या खाचरात उतरते, तेथून त्याखालच्या. मालक निराळे, पाणी एकच. वरच्याने पाणी अडवले तर खालच्याची लावणी खोळंबते. वरच्याचा बांध खेकड्याच्या बिळाने फुटला तर खालच्याचे रोप गाळाखाली जाते. युनानमधील होंगहे येथील हानी शेतकऱ्यांनी या वाटपासाठी लाकडी ओंडक्यांना मापाच्या खाचा पाडल्या आणि डोंगरमाथ्याचे जंगल राखले. युनेस्कोने २०१३ साली त्या भूप्रदेशाला जागतिक वारसा ठरवले. चंदगडच्या बाजूला माथ्यावरची झाडी अनेक ठिकाणी देवराईच्या नावाने टिकली. मापाच्या खाचा येथे नाहीत. शेजारधर्मावर काम चालते.

आता तो शेजारच विरळ होत आहे. तालुक्यातील अनेक घरांतील तरुण नोकरीसाठी मुंबई-पुण्यास राहतात. लावणीला माणसे मिळाली नाहीत की वरचे खाचर पडीक राहते, त्याचा बांध कोणी लिंपत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याची किंमत खालचा शेतकरी मोजतो. लोंगजीच्या दाझाई गावात हीच अडचण होती. तेथे प्रवेशशुल्काच्या उत्पन्नातील वाटा गावकऱ्यांना मिळतो, आणि शेत कसले तरच मिळतो. चंदगडला तिकीटखिडकी नाही.

सहलीसाठी काळ कोणता निवडावा, हा जैन कुटुंबांपुढील खरा प्रश्न. ही खाचरे सर्वाधिक देखणी दिसतात ती आषाढ-श्रावणात, आणि नेमका तोच चातुर्मास. ओल्या बांधावर पावलागणिक जीव असतो. ज्यांनी प्रवासाची मर्यादा घेतली आहे त्यांनी तर विचारही करू नये. दसरा ते दिवाळी हा मधला अवकाश त्यातल्या त्यात बरा. पाणी ओसरलेले, बांध वाळू लागलेले, भात पिवळे पडून कापणी सुरू झालेली. दुकानात वहीपूजनाची गडबड सुरू होण्याआधी दोन दिवस काढता येतात. मुक्काम बेळगावी ठेवला तर सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची सोय सहज होते आणि किल्ल्यातील १२०४ सालच्या कमल बस्तीत नेमिनाथांचे दर्शनही घडते.

या सहलीत छायाचित्रांपेक्षा पिशवी मोठी न्यावी. शेजारच्या आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याच्या नावाला बाजारात वजन आले. चंदगडच्या खाचरातील भात मात्र पुष्कळदा नावाशिवायच पोत्यात जातो. मळणी झाल्यावर शेतकऱ्याच्या अंगणातच, घासाघीस न करता, वर्षाचे धान्य घेतले तर वरचे खाचर कसण्यास त्याला कारण उरते. नव्या तांदळाचा भात चिकट होतो, ही गृहिणींची तक्रार रास्त आहे. म्हणून तांदूळ न घेता सालासकट भात घ्यावा, तो चांगला वाळवून कोरड्या जागी ठेवावा आणि लागेल तसा सडून आणावा. सालात दाणा मुरतो, आणि कीडही कमी लागते.