शिरस्त्राण

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुका हा गोदाकाठच्या काळ्या, कसदार जमिनीचा तालुका होय. येथील द्राक्षे परदेशी जातात, लासलगावच्या बाजारात कांद्याच्या राशी पडतात आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारपेठेत पहाटेपासून वर्दळ सुरू होते. पूर्वी या मुलखातील शेतकरी बैलगाडीने किंवा सायकलीने प्रवास करी. आता बहुतेक घरांपुढे मोटारसायकल उभी असते. पहाटे दूध पोहोचवावयाचे असो, मुलांना शाळेत सोडावयाचे असो की आठवड्याचा बाजार करावयाचा असो, हेच वाहन सर्वांच्या उपयोगी पडते.

या वाहनाने माणसाला वेग दिला. परंतु आसरा दिला नाही. मोटारीला पत्र्याच्या भिंती असतात, डोक्यावर छप्पर असते. मोटारसायकलीवर बसलेल्या माणसाच्या सभोवती केवळ वारा असतो. म्हणून वाहनाने जे संरक्षण दिले नाही, ते स्वाराला स्वतःच्या अंगावर धारण करावे लागते. या संरक्षक साधनांत शिरस्त्राणाचे, म्हणजेच हेल्मेटचे, स्थान सर्वांत वरचे आहे.

गतिमान वस्तू आपली गती आपण होऊन सोडीत नाही, हा निसर्गाचा नियम आहे. वाहन अडखळून एकाएकी थांबले, तरी त्यावरील माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. हा वेग किती भयंकर असतो, हे एका हिशेबाने ध्यानात येईल. ताशी 45 किलोमीटर वेगाने जाणारा माणूस समोरच्या भिंतीवर आदळला, तर सुमारे 8 मीटर उंचीवरून खाली पडल्याइतका आघात त्याला बसतो. ‘हळू चालवणाऱ्यास भय नाही’ ही समजूतही खरी नव्हे. उभ्या असलेल्या वाहनावरून माणूस कोसळला आणि त्याचे डोके दीड मीटर उंचीवरून जमिनीवर आले, तरी जमिनीशी पोहोचताना त्याचा वेग ताशी 20 किलोमीटरच्या जवळपास झालेला असतो. शेतापासून घरापर्यंतच्या चार पावलांच्या वाटेवरही हा नियम सुटत नाही.

मेंदू हा शरीराचा राजा. तो कवटीच्या भक्कम पेटीत, एका द्रवाच्या वेढ्यात सुरक्षित असतो. परंतु डोके कठीण रस्त्यावर आदळले म्हणजे कवटी तत्क्षणी थांबते आणि आतील मृदू मेंदू मात्र पुढे जाऊन तिच्या भिंतीवर आपटतो. हाडे सांधतात, कातडी भरून येते. परंतु मेंदूची झालेली हानी पुष्कळदा भरून निघत नाही.

शिरस्त्राण हा आघात कसा सौम्य करते? निफाडच्या शेतकऱ्याला हे उमगण्यास वेळ लागू नये. द्राक्षे दूरच्या प्रवासाला पाठवताना तो पेटी कणखर पुठ्ठ्याची घेतो आणि आत मऊ अस्तर घालतो. पेटी बाहेरचा दाब सोसते, अस्तर आतले धक्के गिळते. शिरस्त्राणाची रचनाही अशीच दुहेरी असते. त्याचे बाह्य कवच टणक प्लॅस्टिकचे किंवा काचतंतूंचे असते. एका बिंदूवर बसलेला घाव ते विस्तृत भागावर पसरवते आणि अणकुचीदार दगड आत शिरू देत नाही. त्याच्या आत थर्मोकोलचा दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा थर असतो. खरे काम या थराचे. आघात होताच तो चेपतो आणि डोक्याला थांबण्यासाठी थोडे अंतर देतो. थांबण्याचे अंतर दसपट वाढले की डोक्यावरील सरासरी बल दहाव्या हिश्श्यावर येते. दोन सेंटिमीटरचे हे अंतरच जीवन आणि मृत्यू यांच्यामधील अंतर ठरू शकते.

एकदा चेपलेला थर पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून मोठा आघात सोसलेले शिरस्त्राण वरून धडधाकट दिसले, तरी ते टाकून द्यावे.

हे ज्ञान मानवाला सहजासहजी मिळाले नाही. पहिल्या महायुद्धात अरबस्तानच्या वाळवंटात नाव कमावलेला इंग्रज अधिकारी टी. ई. लॉरेन्स 13 मे 1935 रोजी इंग्लंडमध्ये मोटारसायकलीवरून जात असता, सायकलीवरील दोन मुलांना चुकविण्याच्या प्रयत्नात फेकला गेला. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. सहा दिवसांनी तो मरण पावला. त्या वेळी बोलावलेल्या शल्यवैद्यांत मेंदूतज्ज्ञ ह्यू केर्न्स हे होते. पुढे दुसऱ्या महायुद्धात लष्करी निरोप्यांचे असेच अपघात वाढले, तेव्हा केर्न्स यांनी त्यांचा अभ्यास केला आणि 1941 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिरस्त्राण घातलेले अपघातग्रस्त स्वार त्यांना केवळ 7 आढळले; परंतु ते सातही जण वाचले होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. तेव्हापासून अनेक देशांत या विषयाचे संशोधन झाले. अशा 61 अभ्यासांचा आढावा 2008 साली प्रसिद्ध झाला. शिरस्त्राणामुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे 69 टक्क्यांनी कमी होतो, असे त्यात दिसून आले.

तथापि शिरस्त्राण जवळ असणे आणि ते नीट धारण करणे यांत मोठे अंतर आहे. ते डोक्यावर घट्ट बसावे. मान हलविली असता त्यानेही डोक्याबरोबरच हलावे. हनुवटीखालचा पट्टा नेहमी अडकवावा. पट्टा आणि हनुवटी यांमध्ये एक-दोन बोटांहून अधिक जागा राहू नये. पट्टा मोकळा असला, तर पहिल्याच धक्क्याला शिरस्त्राण एका बाजूस आणि डोके दुसऱ्या बाजूस जाते. बांधकामावरील मजुराची टोपी मोटारसायकलीवर उपयोगाची नाही. तिची घडण वरून पडणाऱ्या वस्तूंसाठी केलेली असते. विकत घेताना भारतीय मानक 4151 हा क्रमांक आणि आय.एस.आय. चिन्ह पाहून घ्यावे.

डोक्यानंतर हातापायांचा विचार करावा. पडताना माणूस आपोआप हात पुढे करतो. म्हणून हातमोजे हवेत. घोट्यापर्यंतचे बूट आणि जाड कापडाचे लांब बाह्यांचे जाकीट कातडीचे रक्षण करतात. निफाडात या साधनांचा आणखी एक उपयोग आहे. राज्यातील कडाक्याच्या थंडीचे आकडे ऐन हिवाळ्यात पुष्कळदा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून येतात. काही पहाटे तेथील पारा 5 अंशांच्याही खाली उतरतो. अशा गारठ्यात उघडी बोटे बधिर होतात आणि ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. हातमोजे घातले, तर बोटे आपले काम चोख करतात. मफलरची टोके मात्र मोकळी सोडू नयेत. साडीचा पदर वा ओढणी चाकात ओढली जाऊ नये म्हणून मागच्या चाकावर जाळी बसवलेली असावी, असा मोटार वाहनांचा नियमच आहे.

या सर्वांत दुर्लक्षित राहतो तो मागे बसणारा. पुढच्याने शिरस्त्राण घातलेले असते, मागे आई डोक्यावर पदर घेऊन बसलेली असते आणि दोघांच्या मध्ये मूल असते, असे दृश्य कोणत्याही रस्त्यावर दिसते. पदर ऊन अडवितो. आघात अडवीत नाही. वाहन घसरले म्हणजे रस्ता चालक कोण आणि सहप्रवासी कोण, हे विचारीत नाही. उलट, चालकाला संकट आधी दिसते आणि त्याच्या हाती धरावयास दांडा असतो. मागच्याला पुष्कळदा काहीच कळत नाही.

कायद्यालाही ही गोष्ट पूर्णपणे मान्य होण्यास वेळ लागला. स्कूटरला किंवा मोटारसायकलीला बाजूने जोडलेल्या एकचाकी गाडीला साइडकार म्हणतात. एके काळी शहरांतील पुष्कळ कुटुंबे तीत बसून प्रवास करीत. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने शिरस्त्राण बंधनकारक केले. परंतु साइडकारमध्ये बसणाऱ्याला त्यातून वगळले. तो खाली, पत्र्याच्या कोशात बसलेला असतो हे खरे. पण त्या उघड्या कोशातून तोही तसाच बाहेर फेकला जाऊ शकतो. 2019 च्या दुरुस्तीने हा भेद काढून टाकला आणि मोटारसायकलीवरून नेल्या जाणाऱ्या, 4 वर्षांवरील प्रत्येकासाठी शिरस्त्राण आवश्यक ठरविले. पगडी परिधान करणाऱ्या शिखांना तेवढी सूट आहे. त्याहून लहान मुलांसाठी 2022 साली वेगळे नियम झाले. मुलाला चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा, 9 महिन्यांवरील मुलासाठी त्याच्या मापाचे शिरस्त्राण आणि ताशी 40 किलोमीटरची वेगमर्यादा हे त्यांचे सार होय.

नाशिक शहरात 15 ऑगस्ट 2021 पासून ‘हेल्मेट नाही, तर पेट्रोल नाही’ ही मोहीम पोलिसांनी हाती घेतली होती. अशा उपायांनी लोक जागे होतात. परंतु भयाने घातलेले शिरस्त्राण पंप मागे पडताच आरशाला लटकू शकते. जाणून घातलेले शिरस्त्राण मात्र रात्री, निर्जन वाटेवर, कोणी पाहत नसतानाही डोक्यावर राहते. म्हणून घरात वाहन येईल, त्याच दिवशी त्यावर बसणाऱ्या प्रत्येकासाठी त्याच्या मापाचे शिरस्त्राण घरात यावे. ते विकत घेण्यास लागणारा पैसा पुन्हा मिळविता येतो. गेलेले माणूस कोणत्याही बाजारात मिळत नाही.